विश्लेषण : सहा मिनिटांची सिम्फनी, ‘अनंतकाळ’ गायचे कोरस... उपेक्षित डॅनिश संगीतकार रुद लांगगार्द यांच्या उत्तरायुष्यातील रचना आज कशा ऐकायच्या?

डेन्मार्कचे संगीतकार म्हटले की जगभर एकच नाव घेतले जाते, कार्ल नील्सन. त्याच देशात, त्यांच्यापेक्षा २८ वर्षांनी लहान असलेल्या रुद लांगगार्द (१८९३-१९५२) यांनी १६ सिम्फनी लिहिल्या. एकूण रचनांची संख्या चारशेच्या वर जाते. त्यांतील शेवटच्या आठ सिम्फनी १९४२ ते १९५१ या काळात, राजधानीपासून दूर एका लहान गावात लिहिल्या गेल्या. त्यांपैकी बऱ्याच रचना त्यांनी स्वतः वाद्यवृंदाकडून कधी ऐकल्याच नाहीत. गेल्या काही दशकांत लांगगार्द यांचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले आहे. मात्र जे पुन्हा वाजते ते बहुतांशी त्यांच्या तरुणपणीचे. उत्तरायुष्यातल्या या विचित्र, कधी फार छोट्या, कधी चिडलेल्या रचना अजून कडेलाच आहेत. त्या कशा आहेत, आणि का ऐकाव्यात?

रुद लांगगार्द कोण होते?

घर संगीताचे. वडील सिगफ्रिड लांगगार्द पियानोवादक, फ्रान्झ लिस्टचे शिष्य. आई एमा याही पियानोवादक. वडिलांना थिऑसॉफीची ओढ होती. संगीत ही माणसाला देवाकडे नेणारी शक्ती आहे, हे मुलाच्या मनावर घरातच ठसले आणि ते आयुष्यभर पुसले गेले नाही. १९०५ मध्ये, ११ व्या वर्षी, त्यांनी कोपनहेगनच्या मार्बल चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून पहिला जाहीर कार्यक्रम केला. श्रोत्यांत नॉर्वेचे प्रख्यात संगीतकार एडवर्ड ग्रीग होते.

पुढचा टप्पा आणखी मोठा. १० एप्रिल १९१३ रोजी बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने मॅक्स फीडलर यांच्या संचालनाखाली १९ वर्षांच्या लांगगार्द यांची पहिली सिम्फनी सादर केली. तासाभराची, पाच भागांची ही रचना. स्वीडनच्या किनाऱ्यावरील कुलेन या खडकाळ भूशिरावर त्यांचे बालपणीचे उन्हाळे गेले होते. सिम्फनीत समुद्राच्या लाटांपासून डोंगरमाथ्यापर्यंतची चढण आहे. बर्लिनमध्ये तिचे चांगले स्वागत झाले. पण पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि जर्मनीतले दार बंद झाल्यासारखे झाले. मायदेशात तसे दार कधी उघडलेच नाही.

मायदेशात अडचण काय होती?

त्या काळातल्या डॅनिश संगीतविश्वाची दिशा कार्ल नील्सन यांनी ठरवली होती. स्वच्छ, आटोपशीर, भावनेचा अतिरेक टाळणारे संगीत हा आदर्श. लांगगार्द यांचा पिंड नेमका उलटा. त्यांच्या लेखी संगीत म्हणजे साक्षात्कार, प्रलय, ख्रिस्तविरोधकाचे आगमन, स्वर्गाचे फाटणे. ‘आंतिक्रिस्त’ हा त्यांचा ऑपेरा १९२३ मध्ये पूर्ण झाला. कोपनहेगनच्या रॉयल थिएटरने तो नाकारला, नव्याने लिहिलेल्या आवृत्तीलाही रंगमंच मिळाला नाही. १९१६ ते १९१८ दरम्यान लिहिलेले ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत दोनदा वाजले आणि नंतर त्यांच्या हयातीत पुन्हा वाजलेच नाही.

सगळा दोष काळाचा आणि इतरांचा होता असे मात्र म्हणता येत नाही. १९२०च्या दशकाच्या मध्यावर लांगगार्द यांनी स्वतःच नव्या प्रयोगांकडे पाठ फिरवली आणि एकोणिसाव्या शतकातल्या नील्स गाडे व वाग्नर यांच्या शैलीकडे ते जाणीवपूर्वक परतले. आधुनिकतावाद्यांना ते जुनाट वाटले, जुन्या वळणाच्या लोकांना विक्षिप्त. त्यांची जीभही तिखट होती. संगीतक्षेत्रातल्या बड्या मंडळींना ते उघड बोल लावत. चर्चमध्ये ऑर्गनवादकाची कायम नोकरी मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले. नोकरी मिळाली ती १९४० मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर. जटलंडच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्राकाठच्या दलदलीच्या सपाटीवर वसलेले रीबे हे डेन्मार्कमधले सर्वांत जुने गाव. तिथल्या कॅथेड्रलचे ऑर्गनवादक म्हणून ते पत्नी कॉन्स्टान्ससह गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

रीबेतील पहिली सिम्फनी, नववी, गावालाच वाहिलेली आहे. नाव ‘राणी दाग्मारच्या गावातून’. दाग्मार ही तेराव्या शतकाच्या आरंभीची डॅनिश राणी. ती रीबेत वारल्याची लोकगाथा प्रसिद्ध आहे. सिम्फनीच्या एका भागाचे नाव रीबे कॅथेड्रलवरूनच आहे. संगीत प्रसन्न आहे, थोडे चित्रपटासारखेही. नव्या ठिकाणी रुळू पाहणाऱ्या माणसाचे. त्यानंतरची दहावी, ‘ते मेघगर्जनेचे घर’, पुन्हा कुलेनच्या खडकांकडे जाते आणि २५ मिनिटांहून अधिक वेळ एका दमात उसळत राहते. इथपर्यंत सगळे ओळखीचे आहे. गाडी रुळावरून उतरते ती अकराव्या सिम्फनीपासून, आणि खरी गंमतही तिथूनच सुरू होते.

न वाजलेली सिम्फनी म्हणजे नेमके काय?

हा मुद्दा आपल्याकडच्या वाचकासाठी थोडा उलगडायला हवा. ख्याल गाणारा कलाकार उपेक्षित राहिला, तरी तो घरी तंबोरा लावून बसू शकतो. त्याची रचना त्याच्या गळ्यात असते. सिम्फनी लिहिणाऱ्याचे तसे नसते. त्याची कृती ७०-८० वादक, कंडक्टर, सभागृह आणि सरावाचे दिवस एकत्र आल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही. तोवर ती कागदावरची स्वरलिपी असते. शिवाय बहुतेक संगीतकार आपली रचना पहिल्या सरावात ऐकून सुधारतात. इथे तुताऱ्यांनी व्हायोलिन झाकोळली, तिथे शेवट लांबला, हे कान सांगतो. लांगगार्द यांना उत्तरायुष्यात ही सोय जवळपास नव्हती. डॅनिश रेडिओ त्यांचे काही अधूनमधून वाजवत असे, पण अकरावी, बारावी किंवा सोळावी सिम्फनी त्यांनी कधी ऐकली नाही.

अशा परिस्थितीत माणूस लिहिणे थांबवतो किंवा सोपे, वाजवता येईल असे लिहू लागतो. लांगगार्द यांनी दोन्ही केले नाही. ते अधिकाधिक अशक्य लिहू लागले.

‘इक्सायन’मध्ये चार ट्यूबा कशासाठी?

अकरावी सिम्फनी, ‘इक्सायन’, १९४४-४५ मधली. लांबी सुमारे सहा मिनिटे. सिम्फनी म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचा, चार भागांचा डोलारा, ही सर्वसाधारण समजूत. इथे एकच भाग आहे. इक्सायन हा ग्रीक पुराणातला राजा. देवांचा राजा झ्यूस याच्या पत्नीवर डोळा ठेवला म्हणून त्याला जळत्या चाकाला बांधले गेले आणि ते चाक कायम फिरत राहिले.

संगीतही तेच करते. वॉल्ट्झच्या घाटाची एक भरदार, जवळजवळ आनंदी चाल येते आणि पुन्हा येते. पुन्हा. पुढे जाण्याचे, दुसरीकडे वळण्याचे, विस्ताराचे जे सिम्फनीचे काम असते ते होतच नाही. मध्येच चार ट्यूबा एकाच स्वरात गरजतात. ट्यूबा हे पितळी वाद्यांतले सर्वांत खालच्या पट्टीचे, धिप्पाड वाद्य. वाद्यवृंदात सहसा एकच असते. लांगगार्द यांनी जादा चार मागितले आणि ते वाद्यवृंदाच्या पुढच्या बाजूला बसवायला सांगितले, जिथे एरवी एकल वादक उभा राहतो. पहिल्यांदा ऐकताना हसू येते. दुसऱ्यांदा येत नाही. ती आनंदी चाल चाकाला बांधलेली आहे हे तोवर लक्षात आलेले असते.

व्यवहाराच्या बाजूनेही पाहू. कोणत्या वाद्यवृंदाचा व्यवस्थापक सहा मिनिटांसाठी चार जादा ट्यूबावादकांचे मानधन मंजूर करील? लांगगार्द यांना हे कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. ही रचना सभागृहाची आशा सोडलेल्या माणसाने लिहिली आहे, असेच ती ऐकताना वाटते.

‘संगीतकाराचा स्फोट’ ही सूचना कुठे येते?

बाराव्या सिम्फनीत (१९४६). तिचे नाव ‘हेल्सिंगबोर्ग’. डेन्मार्कहून स्वीडनला सामुद्रधुनी ओलांडली की हे शहर लागते; कुलेनला जाण्याची वाट त्याच बाजूची. म्हणजे लांगगार्द इथे पुन्हा बालपणीच्या उन्हाळ्याकडे, बर्लिनमध्ये गाजलेल्या त्या पहिल्या सिम्फनीकडे निघाले आहेत. आणि करतात काय, तर एका तासाची ती सिम्फनी सात मिनिटांत दाबून बसवतात. जिथे १९ वर्षांच्या मुलाने निवांतपणे चढण चढली होती, तिथे पन्नाशीचा माणूस धापा टाकत धावतो. शेवटाकडे स्वरलिपीत एक सूचना लिहिलेली आहे, तिचा आशय असा : बेभान! संगीतकाराचा स्फोट होतो.

याला विनोद म्हणायचे की आक्रोश? समीक्षकांत मतभेद असू शकतात, पण एक गोष्ट नजरेआड करू नये. ही सूचना श्रोत्याला ऐकू येत नाही. ती फक्त कंडक्टर आणि वादकांना दिसते. ज्या सादरीकरणाची शक्यता नव्हती त्यातल्या वादकांशी लांगगार्द इथे बोलत आहेत. या एका ओळीत त्यांच्या शेवटच्या दशकाचे जेवढे दिसते, तेवढे त्यांच्यावरच्या सहानुभूतीच्या लेखांतही दिसत नाही.

कार्ल नील्सन यांच्यावर कोरस कशाला लिहिले?

नील्सन १९३१ मध्ये गेले. त्यानंतर त्यांचे स्थान आणखी पक्के झाले. १९४८ मध्ये लांगगार्द यांनी कोरस आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी एक रचना लिहिली. शीर्षक : ‘कार्ल नील्सन, आपले थोर संगीतकार’. गाण्याचे शब्दही शीर्षकाएवढेच. संगीत ३२ बारचे, म्हणजे जेमतेम एक-दोन मिनिटांचे, सरकारी समारंभात शोभेल असे भपकेदार. शेवटी सूचना अशी की हे सारे अनंतकाळ पुन्हा पुन्हा करावे.

टोमणा उघड आहे. राष्ट्राने एकच नाव जपायचे ठरवले आहे ना, मग जपत राहा. पण ‘इक्सायन’नंतर तीन वर्षांनी हे ऐकले की दुसरी बाजूही दिसते. अनंतकाळ फिरणारे चाक पुन्हा आलेच आहे, या वेळी त्याला नील्सन यांचे नाव बांधले आहे. त्याच वर्षी ‘रेस आब्सुर्दा!?’ नावाची आणखी एक कोरस-रचना झाली. लॅटिनमध्ये अर्थ ‘निरर्थक गोष्ट’. गायकवर्ग तेच शब्द गात राहतो. द्वेषातून लिहिलेले संगीत सहसा टिकत नाही. नील्सनवरचे हे कोरस टिकले, कारण त्यात स्वतःचीही थट्टा आहे.

सगळे असेच कडवट आहे का?

अजिबात नाही. चौदावी सिम्फनी, ‘सकाळ’ (१९४७-४८, सुधारणा १९५१), हे त्याचे उत्तर. हिच्या भागांची नावे वाचली तरी लांगगार्द यांच्याविषयी माया वाटू लागते. प्रास्ताविक तुतारीनंतर येतो ‘कोणी न पाहिलेले पहाटतारे’ हा भाग. मग ‘मार्बल चर्चच्या घंटा’. मग ‘दमलेले लोक जगण्यासाठी उठतात’, ‘रेडिओ-कारूसो आणि बळेच आणलेला उत्साह’, ‘बाबा मंडळी ऑफिसकडे पळतात’ आणि शेवटी ‘ऊन आणि बीचचे रान’. एन्रिको कारूसो हे इटलीचे विख्यात गायक. ते जाऊन पाव शतक लोटले होते, आवाज मात्र सकाळच्या रेडिओवर लोकांना बळे उठवतो आहे. देव, प्रलय, ख्रिस्तविरोधक असल्या विषयांवर आयुष्य घालवलेल्या संगीतकाराने ऑफिसची गडबड सिम्फनीत आणावी! आणि ज्या चर्चमध्ये ११ वर्षांच्या मुलाने ग्रीगसमोर ऑर्गन वाजवला, त्याच चर्चच्या घंटा इथे वाजतात.

‘पहाटतारे’ हा भाग तंतुवाद्यांसाठी आहे. संथ, उबदार, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेल असा. १९४८ साली युरोपात फारसे कोणी ‘असे’ लिहीत नव्हते, आणि शैलीच्या हिशेबाने तो चाळीस-पन्नास वर्षे जुना आहे. तरीही या संपूर्ण दशकातले सर्वांत सुंदर संगीत इथेच आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दर्जा सगळीकडे सारखा नाही, हेही सांगायला हवे. तेराव्या सिम्फनीत जुन्या सातवीतला मजकूर पुन्हा वापरला आहे. पंधरावी, ‘समुद्रवादळ’, बॅरिटोन आणि पुरुषांच्या कोरसचा आधार घेते. तिची मुळे १९३७ पर्यंत मागे जातात. वातावरण आहे, पण जोडकाम जाणवते. सोळावी, ‘सूर्याचा महापूर’, १९५१ मध्ये पूर्ण झाली. रिचर्ड स्ट्राउसच्या झळाळीची आठवण करून देणारी, २० मिनिटांच्या आसपासची ही शेवटची सिम्फनी. वर्षभरात, १० जुलै १९५२ रोजी, लांगगार्द यांचे निधन झाले.

मग पुनर्शोध कसा लागला आणि त्यात काय राहून गेले?

ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९६८ मध्ये हंगेरियन-ऑस्ट्रियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेती एका परीक्षक मंडळासाठी स्टॉकहोममध्ये होते. मंडळातले डॅनिश संगीतकार पेर नॉरगार्द यांनी इतर स्वरलिपींच्या गठ्ठ्यात गुपचूप ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ ठेवून दिले. पानोपानी गोठून तरंगणारे स्वरपुंज, पियानोच्या थेट तारांवर फिरणारा हात, दूर बसवलेला दुसरा वाद्यवृंद. ज्या तंत्रासाठी लिगेती १९६०च्या दशकात नावाजले गेले, त्यातले बरेच इथे अर्धशतक आधी होते. आपण लांगगार्दचे अनुकरण करणारे निघालो, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे सांगितले जाते.

पुढे कॉन्स्टान्स यांनी जपलेली हस्तलिखिते, बेंट विनहोल्ट नील्सन या अभ्यासकाने तयार केलेली सूची व चरित्र, १९९०च्या दशकात इल्या स्टुपेल यांनी पोलिश वाद्यवृंदासह केलेले सर्व सिम्फनींचे पहिले ध्वनिमुद्रण, त्यानंतर थॉमस डाउसगार्द आणि डॅनिश नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांचा संच असे काम उभे राहिले. २०१० पासून रीबेत लांगगार्द यांच्या नावाने महोत्सव भरतो. त्याच वर्षी लंडनच्या ‘प्रॉम्स’मध्ये ‘स्फिअर्स’ वाजले, तेही लिगेतींच्या संगीताच्या जोडीने.

पण लिगेतींच्या त्या किश्श्याने लांगगार्द यांच्या दोन भागांपैकी एकच वाचवला. त्यांना ‘काळाच्या पुढचा माणूस’ ही ओळख मिळाली, आणि मग काळाच्या पुढचे तेवढे शोधले जाऊ लागले. मोठ्या वाद्यवृंदांची निवड पाहा. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने साकारी ओरामो यांच्यासह ध्वनिमुद्रित केल्या त्या दुसऱ्या आणि सहाव्या सिम्फनी. बर्लिन फिलहार्मोनिकने २०२२ मध्ये, पुन्हा ओरामो यांच्यासोबत, निवडली ती पहिली. त्याच वर्षी बर्लिनच्या डॉइच ऑपरने रंगमंचावर आणले ते ‘आंतिक्रिस्त’. सगळे वयाच्या चाळिशीच्या आतले. उत्तरायुष्यातील रचना जाणूनबुजून मागे पाहतात, मग जागच्या जागी फिरतात, मध्येच फुटतात. ‘पुढे’ कोण होते या शर्यतीत त्यांना धावायचेच नाही. काहींना ‘इक्सायन’मध्ये १९६०च्या दशकातल्या पुनरावृत्तीवर उभ्या संगीताची चाहूल ऐकू येते. तुलना मोहक आहे, पण तीही शेवटी लांगगार्द यांना पुन्हा कोणाच्या तरी आधीचा ठरवून मोकळी होते. १९४५ साली रीबेत बसून एका माणसाने चाकाला बांधलेली चाल का लिहिली, हा प्रश्न तसाच राहतो.

ऐकायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

डाउसगार्द यांचा सोळाही सिम्फनींचा संच ऑनलाइन संगीत-सेवांवर मिळतो. क्रमाने ऐकू नये. आधी अकरावी, मग लगेच बारावी. दोन्ही मिळून एका लोकलच्या दोन-चार स्थानकांत संपतात. इअरफोन बरे असावेत, कारण फोनच्या स्पीकरवर ट्यूबाचा खालचा आवाज येतच नाही आणि अकराव्या सिम्फनीत तोच तर सगळा खेळ आहे. त्यानंतर चौदावीतले ‘पहाटतारे’, शक्यतो पहाटे. बारावी आवडली तर वेळ काढून पहिली सिम्फनी ऐकावी, म्हणजे सात मिनिटांत काय कोंबले होते ते कळेल. लांगगार्द यांना जुन्या रचना दुरुस्त करीत बसण्याची सवय होती. त्यामुळे त्यांच्या इतर रचना शोधताना एकाच नावाच्या दोन ध्वनिमुद्रणांत संगीत वेगळे आढळले तर गोंधळून जाऊ नये. बहुधा आवृत्ती वेगळी असते.